टीव्ही घ्यायच्या आधी टीव्हीच्या पाठीमागं पाहा

प्रश्न : आमच्या घरी ३२ इंची एलईडी टीव्ही आहे, आठ-नऊ वर्षांचा. चित्र चांगलं आहे, पण त्यात यूट्यूब नाही. स्लॅबवर फ्री डिशची छत्री आहे. कापूस विकला तेव्हा मी १५ हजार बाजूला काढून ठेवले. यजमानांनी बाजाराच्या दिवशी एका सेलमध्ये ४३ इंची ‘फोर-के अँड्रॉइड’ टीव्ही १२,९९९ ला पाहिला. कंपनीचं नाव आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. मामंजींना कीर्तन आणि बातम्या लागतात, मुलगी यंदा दहावीला आहे, मला रात्रीच्या मालिका. घरात वायफाय नाही, मोबाइलचं रोज २ जीबीचं रिचार्ज आहे. टीव्हीच घ्यावा, की मागं लावायची काडी मिळते म्हणतात ती घ्यावी? नाव छापू नका, मामंजी हे सदर वाचतात.
— एक अंगणवाडी मदतनीस, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, नाव छापलं नाही. मामंजींनी ओळखलं तर माझा इलाज नाही.

आधी एक करा. टीव्हीचा प्लग काढा, त्याचं तोंड भिंतीकडं फिरवा आणि मोबाइलचा टॉर्च मारून पाठ पाहा. पिवळ्या, पांढऱ्या, लाल गोल भोकांत फ्री डिशच्या वायरी असतील. त्यांच्या आसपास एक चपटं भोक दिसेल, खालचे दोन कोपरे तासल्यासारखं, बाजूला एचडीएमआय लिहिलेलं. आठ-नऊ वर्षांच्या टीव्हीला ते बहुतेक असतंच. दिसलं, की तुमचा प्रश्न ५ हजारांच्या आत सुटला. तुम्ही म्हणता त्या काडीला दुकानात स्टिक म्हणतात. फायर टीव्ही स्टिक घ्या नाहीतर गूगल टीव्हीची एखादी स्टिक घ्या, त्या भोकात लावा, तुमचा जुना टीव्ही स्मार्ट झाला. काडीला वीज मात्र टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. सोबत अडॅप्टर येतो, तो बोर्डात लावा. टीव्हीच्या यूएसबीतून वीज पुरेशी मिळाली नाही की काडी मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि लोक माझ्याकडं ‘खराब निघाली’ म्हणून घेऊन येतात.

त्या १२,९९९ च्या ४३ इंचीबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण त्यात मी स्वतः बुडालो आहे. दारव्ह्यात ३४ वर्षं टीव्ही दुरुस्त केलेला माणूस मी. दिवाळसणाला जावयांना असाच एक ४० इंची घेऊन गेलो. खोक्यावर अँड्रॉइड, फोर-के, सगळं सोनेरी अक्षरांत. जावयांनी नेटफ्लिक्स उघडलं तर आत मोबाइलचं ॲप. रिमोटनं पुढं सरकेना, माउस जोडावा लागला. चित्र असं की चष्मा दारव्ह्यालाच राहिला की काय असं वाटावं. लेक काही बोलली नाही. विहीणबाई बोलल्या.

झालं असं होतं. अँड्रॉइडचा पाया फुकट आहे, तो कुणीही उचलून टीव्हीत टाकू शकतो. पण गूगलनं तपासून मान्यता दिलेला अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही वेगळा. शिवाय सिनेमावाले आपला माल चोरीला जाऊ नये म्हणून वाइडवाइन नावाचं कुलूप लावतात. यंत्रात त्याची एल-१ पातळी असेल तर स्वच्छ चित्र मिळतं. नुसती एल-३ असेल तर जेमतेम ४८० ओळींचं, मग पडदा कितीही मोठा असो. आणि खोक्यावर होतं ‘फोर-के सपोर्ट’. म्हणजे फोर-केचं चित्र आत घेईल, पण दाखवेल आपल्या कुवतीनंच. खऱ्या फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. यजमानांना सांगा, सेलमध्ये परत जाल तेव्हा हा आकडा विचारा. ‘हो हो, तेच’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

आता तुमची खरी अडचण, जी सेलमध्ये कुणी बोलणार नाही. नेटफ्लिक्सचाच हिशेब आहे की साध्या चित्राला तासाला साधारण १ जीबी लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७. तुमचं रिचार्ज रोज २ जीबीचं. म्हणजे फोर-के चाललं तर १७ मिनिटं. मालिकेत तेवढ्यात सासू फक्त वळून पाहते. म्हणून टीव्ही मोठा घ्यायचा की काडी, हे ठरवायच्या आधी नेट मोजा. रात्री आठ वाजता, सगळं गाव मोबाइलवर असतं तेव्हा, फोन टीव्हीजवळ ठेवा. यूट्यूबवर एक व्हिडिओ लावा आणि सेटिंगमध्ये जाऊन चित्र ७२० वर पक्कं करा. वीस मिनिटं चालू द्या. किती वेळा गोल फिरलं ते मोजा, आणि आधी-नंतरचा डेटा फोनच्या सेटिंगमध्ये पाहून लिहून ठेवा. न अडता चाललं आणि रोजच्या २ जीबीत भागेल असं दिसलं तर काडी घ्या. दर दोन मिनिटांनी अडलं तर काडीही घेऊ नका, पैसे ट्रंकेतच राहू द्या.

आणखी एक, जे घेतल्यावरच लक्षात येतं. नेट यजमानांच्या फोनमध्ये असेल आणि यजमान वावरात गेले, तर टीव्हीचं नेटही वावरात गेलं. घरात एखादा जुना ४जी फोन पडला असेल तर त्यात वेगळं सिम टाका, खिडकीत जिथं सिग्नल धरतो तिथं ठेवा आणि हॉटस्पॉट चालू करून चार्जिंगला लावा. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची, म्हणजे सरकारच्या गावोगावी नेट नेण्याच्या योजनेची केबल आली असेल तर घरापर्यंत जोडणी मिळते का, हेही सरपंचांच्या कानावर घाला. लाइन गेल्यावर गावातला टॉवरही थोड्या वेळात मान टाकत असेल, तर इन्व्हर्टर असूनही नेट मिळणार नाही. विजेचं म्हणाल तर ३२ इंची एलईडी ४०-६० वॅट खातो, छताच्या साध्या पंख्याहून कमीच. इन्व्हर्टरला त्याचा भार नाही.

मामंजींची छत्री काढू नका. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, डेटा नाही, आणि कीर्तन नेटवर अडकलं तर घरात वातावरण बिघडतं. छत्री गोल भोकांत, काडी एचडीएमआयमध्ये, दोन्ही एकाच टीव्हीवर राहतील. रिमोटवरच्या सोर्स किंवा इनपुट बटणानं अदलाबदल होते. त्या बटणावर एक टिकली चिकटवा. मी माझ्या आईच्या रिमोटवर लाल टिकली लावली होती. तिला सोर्स म्हणजे काय ते कधी कळलं नाही, गरजही पडली नाही.

मुलीसाठीही फ्री डिशवर पीएम ई-विद्याचे शैक्षणिक चॅनेल आहेत. बॉक्समध्ये चॅनेल नव्यानं शोधायला लावा. एमपेग ही चित्र दाबून पाठवायची पद्धत. बॉक्स जुना एमपेग-२ वाला असेल तर सगळे दिसणार नाहीत, एमपेग-४ वाला लागतो. छत्री वानरांनी फिरवली असेल तर आधी ती सरळ करून घ्या, मग बॉक्सला दोष द्या. आणि रोहिणी-मृगात आभाळ भरून आलं की प्लगबरोबर छत्रीची वायरही काढा. नुसता प्लग काढून झोपलेल्यांचे जळालेले बॉक्स मी दर पावसाळ्यात पाहिले आहेत. वीज छत्रीच्या वायरीतूनही येते.

पाठीमागं एचडीएमआय नसलंच, तर नवा ३२ इंची घ्या, ऐकलेल्या कंपनीचा, ज्याचं सर्व्हिस सेंटर निदान यवतमाळला आहे. दुकानात आपल्या फोनचं हॉटस्पॉट जोडून नेटफ्लिक्स किंवा प्राइम उघडून दाखवायला लावा, आणि ते रिमोटनं चालतं का ते पाहा. जीएसटीमुळे ३२ इंची स्वस्त झाला असं कुणी म्हणालं तर मानू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर २८ वरून १८ टक्के झाला तो ३२ इंचांच्या वरच्या टीव्हींवरचा, ३२ ला आधीपासूनच १८ होता. घरी आणताना खोकं उभंच धरायचं. ऑटोत आडवं टाकून वर किराण्याची थैली ठेवली की पडदा गेला. फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही, आणि नवा टाकायचा तर जवळपास टीव्हीचीच किंमत पडते.

प्रश्न : तीन वर्षांखाली घेतलेला स्मार्ट टीव्ही आता यूट्यूब उघडायला दोन मिनिटं लावतो. मेकॅनिक म्हणतो बोर्ड बदला.
— एक संत्रा बागायतदार, मोर्शी

उत्तर : भाऊ, बोर्डाला हात लावू देऊ नका. स्वस्त टीव्हीत १ जीबी रॅम आणि ८ जीबी साठा असतो, त्यातला बराच भाग टीव्हीची स्वतःची प्रणालीच खाते. दर अपडेटनं ॲप जड होतं, जागा तेवढीच. न लागणारी ॲप काढा, उरलेल्यांची कॅशे, म्हणजे ॲपनं तात्पुरता साठवलेला पसारा, सेटिंगमधून साफ करा. तेवढ्यानं भागलं नाही तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून टीव्ही नव्यासारखा करणं. पासवर्ड आधी कागदावर लिहा, नाहीतर पोरगा पुण्याहून येईपर्यंत टीव्ही बंद राहील. तरीही रेंगाळला तर वरच्या ताईंसारखी काडी लावा, मग टीव्हीचा मेंदू वापरायचाच नाही, फक्त पडदा वापरायचा. तुमच्या मेकॅनिकवर माझा राग नाही. बोर्डात कमाई आहे, कॅशे साफ करण्यात नाही.

प्रश्न : फोन टीव्हीला जोडायची वायर ऑनलाइन मागवली. टीव्हीवर काहीच दिसत नाही.
— बारावीचा विद्यार्थी, आरमोरी

उत्तर : बाळा, वायर बहुधा चांगली आहे आणि फोनही चांगला आहे, फक्त दोघांचं जमत नाही. चार्जिंगच्या भोकातून चित्र बाहेर यायला फोनमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय लागते, आणि स्वस्तातल्या बहुतेक फोनमध्ये ती ठेवलेली नसते. टाइप-सी भोक सारखंच दिसतं म्हणून फसगत होते. परत करायची मुदत आजच पाहून घे आणि वायर खोक्यासकट पाठव. विकणाऱ्यानं ‘सर्व फोनना चालते’ असं लिहिलं असेल तर त्या पानाचा फोटो काढून ठेव. पैसे अडवले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन कर, बिल जवळ ठेवून.