इलेक्ट्रिक गाडीचा हळू वेगातला आवाज बंद कसा करायचा?

करू नका. मोटर जवळजवळ निःशब्द असते, म्हणून पायी चालणाऱ्याला गाडी कळावी यासाठी तो आवाज मुद्दाम स्पीकरमधून काढलेला असतो. कुठली वायर काढायची ते मला माहीत आहे, कारण माझ्या धाकट्या भावाने तीच काढली होती. तुम्हाला सांगणार नाही.

माझ्या आईला दिसत नाही. फाटकापासून जिन्यापर्यंतची वीस-बावीस पावलं ती काठीने एकटी चालते, गाडीचा अंदाज कानाने घेते. त्या संध्याकाळी भाऊ गाडी मागे घेत होता. एरवी रिव्हर्सला हा आवाज येतोच, पण वायर काढलेली. काठी चाकाखाली गेली, हातातून हिसकली गेली, आणि आई जागच्या जागी उभी राहिली, मूठ तशीच वळलेली. गाडी आपल्याच मुलाची आहे हे तो दार उघडून बोलला तेव्हा तिला कळलं.

त्याचं पालुपद अजून तेच: ‘हॉर्न आहे की!’ अरे, हॉर्न वाजवायला आधी माणूस दिसावा लागतो. दिसला तर तू ब्रेकच मारशील. हा आवाज आहे तो न दिसलेल्या माणसासाठी.

आणि ती नुसती गुणगुण नसते. वेग वाढला की पट्टी चढते, कमी झाला की उतरते. गाडी अंगावर येतेय की थांबतेय, हे आई त्यावरून ओळखते. संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम ताशी २० किमीपर्यंत आवाज मागतो, कारण त्यापुढे टायरचाच आवाज पुरतो. अमेरिकेत ही मर्यादा साधारण ३० किमी आहे. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीला तो सक्तीचा आहे. ध्वनिप्रदूषण म्हणाल, तर १३८ मध्ये ७५ डेसिबलची कमाल मर्यादाही घातलेली आहे. सुरुवातीला तात्पुरतं बंद करायचं बटण चालायचं, नंतरच्या सुधारणेत तेही काढलं.

तुमच्या गाडीत तो खडखडत असेल तर स्पीकर कुठे सैल झालाय का ते सर्व्हिस सेंटरला दाखवा, ती तक्रार रास्त आहे. आणि हेही खरं की १३८ मध्ये उभ्या गाडीला आवाजाची सक्ती नाही, दुचाकी तर त्यात येतच नाहीत. आईला त्यांची भीती आजही आहे.

भावाने वायर परत जोडली, चूक मात्र कबूल केली नाही. तो इथे वाचतो, म्हणून लिहिते: आई तुला एका शब्दाने बोलली नाही, पण नवी काठी आणल्यावरही तीन आठवडे ती फाटकापर्यंत गेली नव्हती.