‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या माणसाची सोबत

ताई, यजमानांचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलाय, दर 14 दिवसांनी केमो चालू आहे, आणि उपचार अमुक महिन्यांत संपणार नाहीत, चालूच ठेवावे लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलंय. घरात ते फारसं बोलत नाहीत, मध्येच चिडतात, जेवणावरून रोज वाद होतो. त्यात पॅलिएटिव्हच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना भेटायला सांगितल्यापासून तुमच्या पोटात गोळा आलाय. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मला हे झेपेल का?’

माझी बायको काही वर्षं उपचारांवर आहे. आधी स्तनाचा कॅन्सर, मग हाडांत गेला. औषधं वेगळी असली तरी घरात जे घडतं ते बरंचसं तेच असतं, म्हणून लिहितोय. माझं म्हणणं असं की हिंमत देण्याचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका. ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगणारे येताजाता भेटतात. काल आणि आज यांत काय बदललं हे पाहू शकणारं माणूस घरात एकच असतं, आणि त्या पाहण्याचा उपचारांना खरोखर उपयोग होतो.

आधी चिडचिडीचं. केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून बहुतेक वेळा डेक्सामेथासोन देतात, काहींना पुढचे दोन-तीन दिवस गोळ्याही असतात. हे स्टेरॉइड आहे. त्यानं झोप उडते, माणूस क्षुल्लक कारणावरून भडकतो, आणि ते थांबलं की एकदम गळून जातो. कॅलेंडरवर केमोचा दिवस पहिला धरा आणि रोज एकच शब्द लिहा: चिडले, झोपून, गप्प, बरे. दोन-तीन सायकल, म्हणजे केमोच्या फेऱ्या, झाल्या की ठरावीक दिवस ठरावीक तऱ्हेचे जातात हे दिसायला लागतं. आमच्याकडे ते दिसल्यावर घरातला ताण बराच उतरला. पैशांचे, पुढच्या उपचारांचे विषय त्या दिवसांत काढायचेच नाहीत असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतली तर झोपेला त्रास कमी होतो, तेव्हा वेळ बदलता येईल का ते विचारून घ्या. आणि सायकलचा कुठलाही दिवस असो, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, ‘आता काय उपयोग’ असं बोलणं येत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. ते नैराश्य असू शकतं, आणि कॅन्सरच्या रुग्णातही त्यावर उपचार होतात.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: ‘गार ग्लास हातात धरवत नाही म्हणतात.’ औषधाचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण आतड्याच्या कॅन्सरमध्ये वापरलं जाणारं ऑक्सालिप्लाटिन नेमकं हेच करतं. गार लागलं की बोटांत, ओठांत, घशात मुंग्या येतात. हा भाग काही दिवसांत ओसरतो. पण डोस साठत गेले की वेगळा बधिरपणा सुरू होतो, जो थंडीशिवायही राहतो, औषध बंद केल्यावरही काही महिने वाढू शकतो आणि कधी कायमचा राहतो. तो वेळेत कळला तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा ते एक औषध थांबवून बाकीचं चालू ठेवतात. कळायला मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

आणि इथंच गाडं अडतं. माझ्या बायकोला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू होतं, त्यानंही नसांवर परिणाम होतो. एकदा ओपीडीला निघायच्या आधी ती आरशासमोर बाहीचं बटण लावत होती. बोटं बटणावर होती, पण बटण बोटांत आहे की नाही हे तिला डोळ्यांनी बघावं लागत होतं. शेवटी तिनं बाही तशीच दुमडून घेतली. तासाभरानं डॉक्टरांनी विचारलं, ‘कसं वाटतंय?’ ती म्हणाली, ‘ठीक आहे.’ मी इतकंच म्हटलं, ‘सकाळचं बटणाचं सांग ना.’ मग तिनं सगळं स्वतः सांगितलं आणि त्याच दिवशी डोस कमी झाला.

रुग्ण ‘ठीक’ का म्हणतात? तक्रार केली तर केमो थांबवतील ही भीती असते. बाहेर रांग असते. आणि चार दिवसांपूर्वीची रात्र कशी गेली ते आज आठवतही नाही. म्हणून एक वही ठेवा. ताप, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठ, तोंड आलंय का, दुखणं दहापैकी किती, बटण-चावी-पेन धरता येतंय का, आठवड्यातून एकदा वजन. रोज दोन ओळी पुरतात. कॅन्सरतज्ज्ञ ईथन बाश यांच्या गटानं पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या 766 रुग्णांचा अभ्यास केला होता. काही जण आपली लक्षणं नियमित नोंदवत आणि त्रास वाढला की नर्सला लगेच सूचना जाई. बाकीच्यांची तपासणी नेहमीच्या पद्धतीनं होत होती. 2017 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नोंद करणाऱ्या गटाचा मध्यक आयुष्यकाळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 31.2 महिने, दुसऱ्या गटाचा 26 महिने. यात नवं औषध कुठलंच नव्हतं. त्रास वेळेत कळला, वेळेत हाताळला गेला. तुमच्या दवाखान्यात अशी व्यवस्था नसली तरी वही आणि फोन तुमच्याकडे आहेत. ती वही त्यांच्यासमोर लिहा, त्यांना वाचू द्या. पाठीमागे टिपणं ठेवली की माणसाला पाळतीवर असल्यासारखं वाटतं.

एका बाबतीत मात्र त्यांच्या ‘ठीक आहे’वर अजिबात जाऊ नका. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या काळात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला की रात्र असो, सुट्टी असो, लगेच फोन करून निघायचं. हुडहुडी भरली आणि ताप नसला तरी फोन करायचाच. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. ताप उतरल्यासारखा दिसतो आणि जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. अशा वेळी पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, म्हणून दारात पहिलं वाक्य एकच: ‘केमो चालू आहे आणि ताप आलाय.’

जेवणाच्या वादाबद्दल मला फार कळकळीनं सांगायचंय, कारण त्यात दोघंही विनाकारण पोळतात. ते मुद्दाम खात नाहीत असं नाही. या आजारात शरीरात दाह वाढवणारे घटक तयार होतात, ते भूक मारतात आणि स्नायू झिजवतात. पोटभर खाऊनही ही झीज पुरती भरून येत नाही. आपण आग्रह करतो, त्यांना तो आरोप वाटतो. आग्रहाआधी तीन गोष्टी बघा: तोंडात फोड आहेत का, पोट साफ होतंय का (उलटीसाठीच्या ओन्डान्सेट्रॉननं बद्धकोष्ठ होतं), आणि मळमळीची गोळी वेळेवर जाते की मळमळ सुरू झाल्यावर. तिन्हींवर उपाय आहेत. मग थोडंथोडं, दिवसातून अनेकदा, त्यांच्या हाताशी ठेवा आणि खाताना बघत बसू नका. वजन घसरत असेल तर आहारतज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. कुणी सुचवलेली ‘नैसर्गिक’ पूरकं डॉक्टरांना दाखवल्याखेरीज देऊ नका. आतड्याच्या कॅन्सरमध्ये इरिनोटेकान हे केमोचं औषध वापरतात, आणि सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या गोळ्यांनी त्याचा परिणाम घटतो.

न बोलण्याबद्दल. समोरासमोर बसवून ‘मनात काय आहे ते सांगा’ म्हटलं की माणूस आणखी मिटतो. बरे दिवस असतील तेव्हा बरोबर चालायला न्या. हलक्या चालण्यानं केमोचा थकवा कमी होतो हे अभ्यासांत दिसलंय, आणि शेजारी शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. मी बायकोला विचारतो, ‘आत्ता उपाय शोधायचाय की नुसतं ऐकू?’ बहुतेक वेळा नुसतं ऐकायचंच असतं. जी कामं ते करू शकतात, बिलं भरणं असो, मुलांचा अभ्यास असो, ती काळजीपोटी काढून घेऊ नका. आजारानं त्यांच्या हातून आधीच खूप काढून घेतलंय. पुढचा रिपोर्ट कुणी ऐकायचा, किती तपशील हवा, नातेवाइकांना काय सांगायचं, हेही त्यांनाच ठरवू द्या. जवळीक थांबली असेल तर तोही विषय डॉक्टरांकडे काढता येतो. केमो चालू असताना गर्भनिरोधन आणि कंडोम लागतात, पण स्पर्शाला मनाई नाही.

स्कॅनचे दिवस जड जातातच. ‘स्टेबल’ वाचून हिरमुसू नका. मोजमापाच्या नेहमीच्या निकषांत गाठी 30 टक्क्यांहून कमी घटल्या किंवा 20 टक्क्यांहून कमी वाढल्या तर आजार स्थिर धरतात. लांबणाऱ्या उपचारांत ही चांगली बातमी असते.

पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना भेटा, आणि लवकर भेटा. कॅन्सरच्या डॉक्टरांनी हात टेकले असा त्याचा अर्थ नाही. दुखणं, धाप, झोप, घरच्यांची घालमेल हा पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांचा विषय, आणि केमो चालू असतानाच ते मदत करतात. कॅन्सरतज्ज्ञ जेनिफर टेमेल यांच्या गटानं 2010 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 151 रुग्णांचा अभ्यास छापला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचं जगणं अधिक सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं, आणि ते जगलेही जास्त: मध्यक 11.6 महिने, इतरांचं 8.9. माझ्या बायकोचं हाडांचं दुखणं पहिल्यांदा नीट आटोक्यात आणलं ते याच डॉक्टरांनी.

आणि तुम्हाला झेपेल का? आत्ता सगळं एकटीनं करताय तसं नाही झेपणार, हे मी स्पष्टच सांगतो. 1999 मध्ये ‘जामा’त शुल्झ आणि बीच या संशोधकांचा अभ्यास आला होता. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वयस्क लोकांत चार वर्षांतल्या मृत्यूचा धोका 63 टक्क्यांनी जास्त आढळला. तेव्हा ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्यांना आजच काम सांगा, आणि नेमकं सांगा: एकानं केमोच्या दिवशी सोबत बसायचं, एकानं औषधं आणायची, एकानं नातेवाइकांना खबर द्यायची म्हणजे तुमचे फोन थांबतील. केमोच्या खुर्चीशेजारी दर वेळी तुम्हीच असायला हवं असं नाही. यजमानांना विचारून एखादी फेरी भावाला किंवा मित्राला द्या आणि त्या दिवशी झोपा. त्यांच्या आजारपणात तुमची स्वतःची एखादी तपासणी पुढे ढकलली असेल, तर त्यांच्या पुढच्या ओपीडीच्या दिवशीच तिची तारीख घेऊन ठेवा.