त्या युद्धाच्या बाजूने उभे राहताना

गंगापूर रोड, नाशिक

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि महाविद्यालयाच्या वार्षिकांकातला तुझा लेखही दोनदा वाचून झाला. अफगाणिस्तानात २००१ साली सुरू झालेले तालिबान आणि अल कायदाविरुद्धचे युद्ध न्याय्य होते आणि लोकशाही देशांतल्या नागरिकांनी त्याला पाठिंबा द्यायला हवा होता, अशी उघड भूमिका तू घेतलीस. त्यावरून काही मैत्रिणींनी तुला युद्धखोर म्हटले, साम्राज्यवाद्यांची वकील ठरवले, याचे तुला वाईट वाटले आहे. पण पत्राचा सूर पाहता तुला त्याहून अधिक अस्वस्थ केले ते दुसऱ्या गटाने, ज्याने तुझी पाठ थोपटली आणि ‘बरे झाले, त्यांना कोणीतरी सुनावले’ असे म्हटले. लेखाचा खुलासा छापून ती भूमिका मागे घेऊ का, असे तू विचारतेस. घेऊ नकोस. मात्र तो लेख पुन्हा लिहावास असे मला मनापासून वाटते, आणि का ते सविस्तर सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यात शिकणारा एक अफगाण विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे चार दिवस राहिला होता. त्याला माझ्या मेहुण्याची दिंडोरीजवळची द्राक्षबाग दाखवायला नेले. ऑक्टोबर छाटणीला महिना झालेला, काड्यांवर पोपटी फूट आलेली, घड नुकते दिसू लागलेले. आमच्याकडे पाहुणा आला की तो घडांचे फोटो काढतो. हा मात्र खाली वाकून खोडे पाहत होता. एका जुन्या वेलीचे खोड त्याने मुठीत धरून पाहिले आणि वेलीचे वय विचारले. मेहुण्याने अकरा वर्षे सांगितले. तेव्हा तो म्हणाला की त्याच्या आजोबांच्या वेली याच्या दुप्पट जाड होत्या आणि त्या त्याच्या पणजोबांनी लावल्या होत्या. त्याचे गाव काबूलच्या उत्तरेला शोमालीच्या मैदानात होते. १९९९ च्या उन्हाळ्यात तालिबानने त्या मैदानातली घरे पेटवली, पाण्याचे पाट मोडले, द्राक्षवेली तोडल्या आणि जाळल्या आणि माणसांना हुसकावून लावले. वेल बुंध्यापासून तोडली म्हणजे काय होते, हे त्याला मेहुण्याला समजावून सांगावे लागले नाही. मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग त्याने त्या मुलाला घरी नेऊन बळेच दुसऱ्यांदा जेवायला वाढले.

त्या मुलाचे गाव मुसलमानांचेच होते, ही गोष्ट तुझ्या लेखात कुठेच येत नाही आणि मला वाटते सगळी गडबड तिथेच झाली आहे. तू तीन ठिकाणी ‘मुस्लिम दहशतवाद’ असा शब्द वापरला आहेस. ऑगस्ट १९९८ मध्ये मझार-ए-शरीफ घेतल्यावर तालिबानने ज्या हजारा लोकांची कत्तल केली, ते शिया मुसलमान होते. अमेरिकेवरील हल्ल्याच्या दोनच दिवस आधी, ९ सप्टेंबर २००१ रोजी, ज्याला पत्रकाराच्या वेषात आलेल्या मारेकऱ्यांनी ठार केले तो तालिबानविरुद्ध लढणारा सेनानी अहमद शाह मसूद नेमाने नमाज पढणारा मुसलमान होता. पुढच्या वीस वर्षांत या युद्धात अमेरिकेचे २,४०० हून अधिक सैनिक मेले, पण अफगाण सैनिक आणि पोलीस मेले ते कित्येक हजारांनी. राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनीच २०१९ च्या आरंभी सांगितले होते की २०१४ मध्ये ते पदावर आल्यापासून पंचेचाळीस हजारांहून अधिक सुरक्षा कर्मचारी प्राणाला मुकले. त्यामुळे हे युद्ध इस्लामविरुद्ध होते असे म्हणणारा, मग तो टीकाकार असो की तुझी पाठ थोपटणारा, त्या सगळ्या मृतांना हिशेबातून वगळतो.

युद्धाच्या न्याय्यतेविषयी तू जे लिहिलेस ते बरोबर आहे, पण घाईत आटोपले आहेस. तू थेट ११ सप्टेंबर २००१ पासून सुरुवात करतेस, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की एका महासत्तेला राग आला आणि तिने बॉम्ब टाकले. त्याच्या मागे जा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर १९९९ मध्येच ठराव १२६७ करून अल कायदाचा म्होरक्या ओसामा बिन लादेन याला स्वाधीन करा असे तालिबानला बजावले होते आणि निर्बंध लादले होते. त्याच वर्षी २४ डिसेंबरला आपले आयसी ८१४ विमान पळवून तालिबानच्या ताब्यातल्या कंदाहारला नेण्यात आले, आणि आठवडाभराने प्रवाशांच्या बदल्यात आपण तीन दहशतवादी सोडले. त्यांतल्या मसूद अझहरने पुढच्याच वर्षी जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना उभी केली. जो देश कोणत्याही कायद्याला बांधील नसलेल्यांना धावपट्टी, छावण्या आणि आसरा देतो, तो देश नाशिकपासून किती किलोमीटरवर आहे हे मोजण्यात अर्थ नसतो. मार्च २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती, एक ५५ मीटर उंच आणि दुसरी ३८ मीटर, तालिबानने तोफा डागून आणि सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. आपण दोघे त्रिरश्मीच्या लेण्यांमध्ये दहाव्या लेण्यासमोर बसलो होतो तो दिवस तुला आठवत असेल. तिथल्या भिंतीवर क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ब्राह्मणांना दिलेले दान आणि भिक्षूंना दिलेले लेणे एकाच लेखात कोरलेले आहे. तो घराण्याने शक, म्हणजे वायव्येकडून आलेला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला एकाच भिंतीवर दोन श्रद्धा मावतात हे उमगले होते, आणि बामियानमध्ये एका निर्जीव मूर्तीलाही जागा उरली नाही. ही तुलना तुझ्या लेखात यायला हवी. ती तुझ्या गावची आहे, कोणाकडून उसनी आणलेली नाही.

११ सप्टेंबरला अल कायदाच्या हल्ल्यांत सुमारे तीन हजार माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव १३६८ मध्ये स्वसंरक्षणाच्या हक्काचा उल्लेख केला, ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानावर अमेरिकेचे हल्ले सुरू झाले, आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा दलाला स्पष्ट अधिकार देणारा ठराव १३८६ डिसेंबरात झाला. पहिल्या ठरावात थेट हल्ल्याची परवानगी अशा शब्दांत दिलेली नाही, म्हणून कायदेपंडितांत मतभेद आहेत. ते दडवू नकोस. तूच ते सांगितलेस तर वाचक तुझ्यावर अधिक विश्वास ठेवील.

आता तुझ्या मैत्रिणीचा आक्षेप, की गांधींच्या देशातल्या मुलीने युद्धाची बाजू कशी घ्यावी. याला तू दोन ओळींत उडवून लावलेस, ते मला पटले नाही, कारण हा आक्षेप मोठा आहे आणि नाशिककराला तर तो टाळताच येत नाही. २ मार्च १९३० रोजी याच गावात काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षे चालवला. रामनवमीला दगड पडले, माणसे रक्तबंबाळ झाली, अनेकांनी तुरुंगवास भोगला, आणि तरीही त्या वेळी दार उघडले नाही. १९३५ साली आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांना ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असे जाहीर करावे लागले. म्हणजे सत्याग्रहाची किंमत आपल्याला ठाऊक आहे. पण त्या पाच वर्षांत सत्याग्रही दारात बसू शकत होते, त्यांच्यावर खटला भरला तर न्यायालय होते, वर्तमानपत्रे छापत होती, आणि समोरच्यांतल्या काहींना लाज वाटण्याची शक्यता होती. मझारमध्ये १९९८ साली घराघरांत शिरून माणसे वेचून मारली जात होती, तेव्हा कोणी कोणत्या दारात बसायचे होते? अहिंसेला किमान एवढा अवकाश लागतो, आणि तो अवकाश जिथे शस्त्राने बुजवला आहे तिथे तो आधी मोकळा करावा लागतो. मला शस्त्राची हौस नाही. देवळालीच्या तोफांचा सराव चालू असला की आपल्या खिडक्यांची तावदाने थरथरतात, आणि ज्या गावावर ती तोफ खरोखर डागली जाईल तिथे काय होत असेल हा विचार मला आयुष्यभर सुटलेला नाही.

म्हणूनच तुझ्या लेखातली जी उणीव मला सर्वांत जास्त खुपली ती अशी, की त्यात आपल्या बाजूने मारलेल्या निरपराधांविषयी एक वाक्यही नाही. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेच्या विमानाने कुंदूझ शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयावर मारा केला. ते रुग्णालय आहे हे आधीच कळवलेले होते, मारा सुरू असताना फोन करूनही सांगितले जात होते, आणि तरी रुग्ण, डॉक्टर आणि परिचारक मिळून ४२ माणसे मेली. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये ड्रोनने एका मोटारीवर हल्ला केला, त्यात दहा माणसे मेली आणि त्यांतली सात मुले होती. सुरुवातीला लष्कराने ही योग्य कारवाई असल्याचे सांगितले. पत्रकारांनी शोध घेतल्यावर मोटार चालवणारा मदतसंस्थेत काम करणारा साधा माणूस होता हे बाहेर आले आणि मग चूक कबूल झाली. बहुतेक वर्षांत नागरिकांच्या हत्यांचा मोठा वाटा तालिबान आणि त्यांच्यासारख्यांचाच होता, हे संयुक्त राष्ट्रांच्या नोंदींतून दिसते. पण ही नोंद ढाल म्हणून पुढे करू नकोस. त्यांनी मारलेल्यांची संख्या सांगितल्याने आपण मारलेले जिवंत होत नाहीत.

पाठिंबा या शब्दाचा माझ्या दृष्टीने अर्थ असा, की हे युद्ध माझ्या नावाने आणि माझ्या संमतीने चालले आहे, म्हणून त्याचा हिशेब मागण्याचा पहिला हक्क आणि पहिले कर्तव्य माझे आहे. जो मुळातच विरोधात आहे त्याच्या टीकेकडे सेनापती दुर्लक्ष करू शकतो. जो बाजूने आहे आणि तरीही कुंदूझविषयी विचारतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते. २००३ साली इराकवर स्वारी झाली तेव्हा असे विचारणारे पुरेसे असते तर अफगाणिस्तानातले लक्ष आणि बळ तिकडे वळले नसते. ज्या कारणासाठी इराकवर जायचे म्हणून सांगितले होते ती संहारक शस्त्रे पुढे सापडलीच नाहीत, आणि एका न्याय्य युद्धाला दुसऱ्या अन्याय्य युद्धाचा डाग कायमचा लागला.

मग लोक कंटाळले. काबूलमध्ये भ्रष्टाचार होता, पाकिस्तानात तालिबानला आसरा होता, आणि हे कधी संपणार याचे उत्तर कोणाकडे नव्हते, त्यामुळे कंटाळा समजण्यासारखा होता. आपल्या देशाने फौज पाठवली नाही, पण झरंज ते दिलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता, हेरातचे धरण आणि काबूलची संसद बांधून दिली, आणि त्यासाठी आपली माणसेही गमावली; जुलै २००८ मध्ये काबूलच्या भारतीय दूतावासावर झालेला हल्ला आता आपल्याकडेही फारशा कोणाला आठवत नाही. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोह्यात अमेरिकेने तालिबानशी करार केला, आणि ज्यांच्या देशाविषयी तो होता त्या अफगाण सरकारला त्या मेजावर जागा नव्हती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार म्हणून जाहीर झाले होते. आमच्याकडे राहिलेल्या त्या अफगाण मुलाची धाकटी बहीण पहाटे उठून गणवेश इस्त्री करून शाळेत गेली आणि सकाळीच परत आली, कारण मुली आत गेल्यावर त्यांना घरी जायला सांगण्यात आले. त्याने मला एवढेच कळवले होते की ती त्या दिवशी गणवेश काढायला तयार नव्हती.

आता पाठ थोपटणाऱ्यांविषयी. त्यांना उत्तर लेखातच दे, खासगीत नको. ८ सप्टेंबर २००६ रोजी आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, शब-ए-बारातच्या दिवशी नमाजानंतर झालेल्या स्फोटांत तीसहून अधिक माणसे मेली. पकडली गेली ती मुस्लिम तरुण मुले. त्यांनी काही वर्षे तुरुंगात काढली आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. धर्मांधांविरुद्धची लढाई एखाद्या जमातीविरुद्ध वळली की काय होते, याचे उदाहरण द्यायला तुला काबूलपर्यंत जावे लागणार नाही. ज्यांना शोमालीच्या वेलींची हळहळ वाटते आणि मालेगावच्या त्या मुलांची वाटत नाही, त्यांचा पाठिंबा तुला नको आहे, हे त्यांना तुझ्याच तोंडून कळू दे. त्यातले काही दुरावतील. दुरावू देत.

‘मुस्लिम दहशतवाद’ तिन्ही ठिकाणी खोडून तिथे तालिबान किंवा अल कायदा, जे असेल ते नाव घाल. ‘जगाने धडा शिकवला’ हे वाक्य काढून टाक. ते तुझे नाही, कुठेतरी ऐकलेले आहे. कुंदूझचा परिच्छेद सर्वांत आधी लिही, बाकीचे त्यानंतर, म्हणजे तुझ्या उरलेल्या वाक्यांना त्या ४२ माणसांसमोर उभे राहावे लागेल. येत्या रविवारी सकाळी दहाला मी सार्वजनिक वाचनालयात असेन. मसुदा कच्चा असला तरी घेऊन ये, आणि जमल्यास तुला युद्धखोर म्हणणाऱ्या मैत्रिणीलाही सोबत आण; तिचे म्हणणे मला तिच्याकडूनच ऐकायचे आहे.

तुझे
सर