भातावरील करपा: फवारणी केली तरी ठिपके का राहतात?

प्रश्न: ट्रायसायक्लाझोल फवारून आठवडा झाला, तरी पानांवरचे ठिपके तसेच आहेत. औषध बनावट आहे का?

उत्तर: ठिपके राहिले एवढ्यावरून औषधाला दोष देता येत नाही. करप्याची बुरशी पानात कशी शिरते हे कळले की खरे कारण लक्षात येते.

बीजाणू ओल्या पानावर चिकटतो आणि दोनेक तासांत त्याला कोंब फुटतो. पानाचा मेणचट, कडक पृष्ठभाग लागताच बुरशीच्या पेशीत सायक्लिक एएमपी या रेणूमार्फत निरोप जातो. पुढे पीएमके-१ नावाचे प्रथिन कामाला लागते आणि कोंबाच्या टोकाला घुमटासारखी पेशी तयार होते. या पेशीत ग्लिसरॉल साठते. तिच्या भित्तिकेवरचा मेलॅनिनचा काळा थर ग्लिसरॉल बाहेर झिरपू देत नाही, त्यामुळे आत पाणी ओढले जाऊन दाब ८० वातावरणांपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या हा तीस-चाळीस पट! त्या जोरावर बुरशी पानाला भोक पाडते. बीजाणू पडल्यापासून इथवर साधारण एक दिवस जातो. ठिपका दिसायला आणखी चार-पाच दिवस लागतात.

ट्रायसायक्लाझोल फक्त मेलॅनिन बनणे थांबवते. घुमट तयार होतो, पण दाब टिकत नाही आणि पान शाबूत राहते. आधीच आत शिरलेल्या बुरशीला मात्र त्याने काही होत नाही. म्हणून जुने ठिपके मोजू नका, फवारणीनंतर आलेली नवी पाने तपासा. ती स्वच्छ असतील तर औषध लागू पडले आहे.

मात्रा: ट्रायसायक्लाझोल ७५ टक्के, १५ लिटरच्या पंपाला ९ ग्रॅम, एकरी १२० ग्रॅम, २०० लिटर पाण्यातून. ढगाळ हवा, रात्री २० ते २५ अंश तापमान आणि सकाळी उशिरापर्यंत टिकणारे दव असे दिवस आले, की पहिला डोळ्याच्या आकाराचा, मधे राखाडी ठिपका दिसताच फवारा. रोग पसरला असेल तर आयसोप्रोथिओलेन ४० टक्के प्रवाही, पंपाला २२ मिली घ्या; ते बुरशीच्या तंतूंवरही काम करते.

मानमोडीकडे, म्हणजे लोंबीच्या मानेवर येणाऱ्या करप्याकडे, जास्त लक्ष द्या, खरे नुकसान तिथे होते. लोंबीची मान एकदा काळी पडली की दाणा भरत नाही. त्यामुळे पोटरीच्या शेवटी, लोंब्या निसवू लागताच एक फवारणी हवीच.

करपा दिसत असताना युरिया टाकू नका. नत्र जास्त झाले की पान लुसलुशीत होते आणि बुरशीला शिरणे सोपे जाते. राहिलेला हप्ता रोग आटोक्यात आल्यावर, दोन भागांत द्या.