‘नोटोरियस’, ‘इन्फमस’ आणि आपले ‘कुप्रसिद्ध’

प्रश्न असा आहे : इंग्रजी ‘नोटोरियस’ आणि ‘इन्फमस’ या दोन्ही शब्दांपुढे कोशांत ‘कुप्रसिद्ध’ हाच अर्थ आढळतो, मग या दोहोंत फरक तो कोणता? शिवाय ‘फेमस’ म्हणजे प्रसिद्ध असेल, तर त्याला नकारवाचक ‘इन’ जोडल्यावर ‘अप्रसिद्ध’ असा अर्थ निघायला हवा. तो ‘कुप्रसिद्ध’ कसा झाला?

दुसरा भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. लॅटिनमधील ‘फामा’ हा शब्द ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. लोक एखाद्याविषयी जे बोलतात ते, म्हणजे बोलवा, हा त्याचा मूळ अर्थ असून त्यातूनच नावलौकिक हा अर्थ पुढे आला. ‘इन्फामिस’ म्हणजे ज्याचा हा लौकिक उरलेला नाही असा. येथे नकार लागला आहे तो चांगल्या नावाला, लोकांच्या ओळखीला नव्हे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ३४ व्या श्लोकात ‘अकीर्तिं चापि भूतानि कथयिष्यन्ति तेऽव्ययाम्’ असे श्रीकृष्ण अर्जुनाला बजावतात. ‘अकीर्ती’ म्हणजे केवळ कीर्तीचा अभाव असता, तर लोकांना सांगण्यासारखे काही राहिलेच नसते. पण ती लोक अखंड सांगत राहतील, हेच तर भय अर्जुनापुढे ठेवले आहे. मराठीतही घराण्याचे नाव घालवणाऱ्या माणसाला गाव विसरत नाही, उलट चारचौघांत त्याची चर्चा अधिकच होते.

‘नाव जाणे’ ही रोमन लोकांच्या दृष्टीने नुसती सामाजिक नामुष्की नव्हती. रोमन कायद्यात ‘इन्फामिया’ ही एक कायदेशीर अवस्था होती. ती ज्याच्या वाट्याला येई, त्याला सार्वजनिक पदे आणि न्यायालयात दुसऱ्याच्या वतीने उभे राहणे यांसारख्या हक्कांना मुकावे लागे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातही काही गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याची साक्ष ग्राह्य धरत नसत, आणि अमेरिकेच्या १७९१ च्या पाचव्या घटनादुरुस्तीत ‘इन्फमस क्राइम’ हा शब्दप्रयोग आजही आहे. या शब्दाला जो कलंकाचा भार आहे, तो या वारशातून आलेला आहे.

‘नोटोरियस’चे कूळ अगदी वेगळे आहे. लॅटिन ‘नोतुस’ म्हणजे ज्ञात, आणि आपला ‘ज्ञा’ धातू हा त्याचा दूरचा भाऊबंद. (‘नोबल’ हा शब्दही याच मुळाचा आहे, हे कळल्यावर मला मौज वाटली होती.) तेव्हा ‘नोटोरियस’ म्हणजे मुळात नुसता ‘सर्वांना ठाऊक असलेला’. अमेरिकेच्या मालमत्ता कायद्यात हा निर्दोष अर्थ अजून टिकून आहे : दुसऱ्याच्या जमिनीवर वर्षानुवर्षे ताबा ठेवून मालकी सांगणाऱ्याला आपला ताबा उघड आणि ‘नोटोरियस’ होता, म्हणजे लपवाछपवीचा नव्हता, हे दाखवावे लागते. एरवीच्या इंग्रजीत मात्र हा शब्द चोर, लबाड, दारुडा अशा नामांच्या मागे इतक्या वेळा आला की सतराव्या शतकापर्यंत त्यांच्या संगतीचा डाग त्याला कायमचा लागला. आपल्याकडे ‘नामचीन’ची गत तीच झाली. हिंदीत आजही लेखक नामचीन असतो. मराठी वृत्तपत्रांत नामचीन असतो तो गुंडच. ‘सराईत’ हा शब्दही त्याच वाटेवर आहे, कारण सराईत हाताच्या कारागिरापेक्षा सराईत गुन्हेगारच आता अधिक वाचनात येतो.

व्यवहारातला फरक यातूनच निघतो. ‘नोटोरियस’मध्ये जोर गोष्ट सर्वज्ञात असण्यावर आहे, म्हणून तो हलक्याफुलक्या दोषांनाही चालतो : नेहमी उशिरा येणारा मित्र ‘नोटोरियस’ असू शकतो, आणि एखादी परीक्षा ‘नोटोरियसली’ अवघड असते. येथे ‘कुप्रसिद्ध’ लिहिणे मला साफ चुकीचे वाटते. ‘ती परीक्षा अवघड म्हणून सर्वांना ठाऊक आहे’ असे सरळ लिहावे. ‘इन्फमस’मध्ये जोर लांच्छनावर आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी केलेल्या भाषणाच्या मसुद्यात ‘जगाच्या इतिहासात’ राहील असा दिवस, अशा अर्थाचे शब्द होते. ते खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने ‘इन्फमी’ हा शब्द लिहिला. त्या जागी ‘नोटोरायटी’ घातली असती तर निषेधाची धारच गेली असती.

एक पथ्य मात्र पाळावे. हे दोन्ही शब्द लोकांच्या मुखातल्या प्रतिमेविषयी आहेत. प्रत्यक्ष दुष्टपणासाठी इंग्रजीत निराळे शब्द आहेत. ‘नेफेरियस’ हा ‘फास’ म्हणजे दैवी नियम या शब्दाच्या नकारातून आला असून त्याला ‘अधर्म्य’ हा प्रतिशब्द शोभतो. तो बहुधा बेत आणि कारवाया यांना लावतात, आणि असे बेत कोणालाही ठाऊक नसले तरी ‘नेफेरियस’च राहतात. ‘हीनस’ हा द्वेषवाचक फ्रेंच शब्दापासून आलेला असून तो कृत्याला लागतो. आपल्या २०१५ च्या बालन्याय अधिनियमात तर ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो गुन्हा ‘हीनस’, अशी त्याची मोजमापाची व्याख्याच केलेली आहे.

उच्चाराविषयीही विचारणा होती. ‘फेमस’च्या ओढीने आपल्याकडे ‘इन्फेमस’ म्हणण्याची सवय पडली आहे, परंतु इंग्रजीत आघात पहिल्या अक्षरावर येतो आणि मधला स्वर आखूड होतो, म्हणून वर सर्वत्र ‘इन्फमस’ असे लिहिले आहे.