केस मिटली, मग फॉर्मवर काय लिहू?

"सर, केस तर मिटलीय, मग लिहायची कशाला?" सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्यातल्याच एकाची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

अग्निवीर भरतीची लेखी आणि मैदानी दोन्ही तो पास झाला होता. अठरा पूर्ण झाल्यावर काही महिन्यांतच एका हाणामारीत त्याच्यावर भादंवि (भारतीय दंड संहिता) ३२३ आणि ५०४, म्हणजे मारहाण आणि भांडणाला चिथावणारा अपमान, ही कलमं लागली होती. पुढे कोर्टात तडजोड झाली. आता पडताळणीच्या फॉर्ममध्ये 'कधी गुन्हा दाखल झाला आहे का?' या रकान्याशी तो अडला. मित्र म्हणाले, "'नाही' लिहून टाक, कोण बघतंय!" तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

पहिल्या भेटीत आम्ही फॉर्म बाजूलाच ठेवला. बोलताना तो स्वतःला सारखा 'गुन्हेगार' म्हणत होता. पुढच्या वेळी कोर्टाचे कागद आणायला सांगितले. आदेशाच्या शेवटी स्पष्ट लिहिलं होतं, 'निर्दोष मुक्त'. त्याने ते पान कधी उघडलंच नव्हतं! तडजोडयोग्य गुन्ह्यात समेट झाला की कायद्याने ती निर्दोष सुटकाच ठरते. ती ओळ त्याने दोनदा वाचली आणि रडला.

तरीही पोलीस ठाण्याच्या दप्तरातली नोंद राहतेच आणि पडताळणीत ती निघते. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं, की अटक, खटला, शिक्षा, सुटका, जे विचारलं असेल त्याची माहिती खरीच द्यायला हवी. लपवल्याचं उघड झालं तर नोकरी लागल्यावरही जाऊ शकते. याच निकालातली दुसरी बाजू त्याला सांगणं मला जड गेलं: खरं लिहिलं म्हणून नेमणूक मिळेलच असं नाही, पूर्वेतिहास पाहून ती नाकारता येते. पण खोटा धीर देऊन मुलाला पाठवणं मला पटत नाही.

त्याने 'हो' लिहिलं. गुन्हा क्रमांक, कलमं, निकालाची तारीख, सोबत आदेशाची प्रमाणित प्रत. माफीनामा नको म्हटलं. नकार आलाच तर पुढे काय करायचं, यावर एक अख्खी भेट दिली, वडिलांना समोर बसवून.

घटना अठराच्या आतली असेल तर गोष्ट बरीच वेगळी. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार अशा नोंदीमुळे अपात्रता येत नाही. अपवाद आहे तो सोळा वर्षांवरच्या मुलांवर प्रौढांसारखा खटला चालून दोष सिद्ध झाल्याचा. अठराच्या आत घटना घडलेल्या मुलांनी आधी बाल न्याय मंडळाचा आदेश वकिलाला दाखवावा, मगच तो रकाना भरावा.