परासरणाचा पहिला प्रयोग: बटाट्यापासून सुरुवात करा

परासरण म्हणजे पेशीच्या पातळ पटलातून पाणी कमी तीव्र द्रावणाकडून जास्त तीव्र, म्हणजे जास्त मीठ किंवा साखर असलेल्या द्रावणाकडे जाणं. मुलांना हे पहिल्यांदाच दाखवताय ना, मग अंडं व्हिनेगरमध्ये ठेवण्याचा प्रयोग सध्या बाजूला ठेवा. कवच विरघळायलाच एक-दोन दिवस जातात आणि मुलं मूळ मुद्दा विसरतात. कच्चा बटाटा घ्या, दोन तासांत फरक हाताला कळतो.

सोलून बोटाएवढ्या, सारख्या जाडीच्या फोडी करा. एका ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात दोन चमचे मीठ घालून नीट ढवळलेलं पाणी. दोन्हींत तीन-तीन फोडी बुडवा. नंतर फोड वाकवून बघा. साध्या पाण्यातली ताठ असते, जोर लावला की कट्कन मोडते. मिठाच्या पाण्यातली मऊ पडून सहज वाकते.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- उकडलेला बटाटा घेणं. उष्णतेने पेशींची पटलं फाटतात, मग परासरण होणारच कसं?
- चिमूटभर मीठ. तेवढ्याने काही दिसत नाही.
- साध्या पाण्याचा ग्लास न ठेवणं. तुलनेशिवाय प्रयोगाला अर्थ नाही, हे मी आग्रहाने सांगते.

समजावताना 'मीठ आत शिरलं' म्हणू नका. पाणी पेशींतून बाहेर आलं, कारण बाहेरचं द्रावण जास्त तीव्र होतं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की पाणी सुटतं, ते मुलांनी पाहिलेलं असतंच. तिथूनच बोलायला लागा. मोजमापं, आलेख नंतर. जमलं की पुढच्या वेळी मनुका भिजवा, त्यात पाणी आत जाताना दिसेल.